तंत्रज्ञान क्षेत्रातील ईटीएफ आणि ग्रामीण गुंतवणूकदार : एक चिकित्सा (केनवड, जि. वाशिम यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

आर्थिक उदारीकरणानंतर भारतीय भांडवल बाजाराचे स्वरूप झपाट्याने पालटले. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर कागदावरून संगणकात गेले आणि पुढे मोबाईलच्या प्रसारामुळे डीमॅट खाते खेड्यापर्यंत पोहोचले. एकेकाळी भिशी, पतसंस्था, टपाल खात्याची आवर्त ठेव, विमा आणि सोने एवढ्यापुरते मर्यादित असलेले ग्रामीण बचतीचे जग त्यामुळे विस्तारले. रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावातील तरुणाला आज तंत्रज्ञान क्षेत्रातील एक्स्चेंज ट्रेडेड फंडाचे, म्हणजेच ईटीएफचे, एक युनिट घरबसल्या विकत घेता येते. ‘अल्प खर्च, सुलभ व्यवहार आणि जोखमीची विभागणी’ हे या साधनाचे तीन गुण सर्वत्र सांगितले जातात. त्यांपैकी तिसरा गुण तंत्रज्ञान क्षेत्राच्या ईटीएफला कितपत लागू पडतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पना व कार्यपद्धती :

ईटीएफ म्हणजे एखाद्या निर्देशांकातील शेअर त्याच प्रमाणात बाळगणारा आणि शेअर बाजारात शेअरप्रमाणेच खरेदी-विक्री होणारा निधी होय. कोणता शेअर घ्यावा याचा निर्णय येथे निधी व्यवस्थापक घेत नाही, तो निर्देशांकाने आधीच घेतलेला असतो. व्यवस्थापन खर्च कमी राहण्याचे हेच कारण आहे. भारतातील पहिला ईटीएफ, ‘निफ्टी बीज’, डिसेंबर २००१ मध्ये सुरू झाला. निफ्टी आयटी निर्देशांकावर आधारलेले ईटीएफ २०२० पासून उपलब्ध झाले. अमेरिकेच्या नॅस्डॅक-१०० निर्देशांकाचा मागोवा घेणारा भारतीय ईटीएफ मात्र २०११ मध्येच आला होता.

युनिटचा बाजारभाव आणि निधीतील शेअरचे प्रत्यक्ष मूल्य यांत तफावत पडू नये यासाठी काही मोठ्या मध्यस्थांना नवी युनिटे निर्माण करण्याची व जुनी परत करण्याची मुभा असते. मागणी वाढली की नवी युनिटे येतात आणि भाव मूल्याजवळ राहतो. ही व्यवस्था चालू आहे तोवरच ‘भाव म्हणजे मूल्य’ हे गृहीत टिकते.

विविधीकरणाच्या दाव्याची चिकित्सा :

निफ्टी आयटी हा केवळ दहा कंपन्यांचा निर्देशांक आहे. त्यात मुंबईची टीसीएस, १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली व पुढे बंगळुरूला गेलेली इन्फोसिस, पुण्याची टेक महिंद्र व पर्सिस्टंट सिस्टिम्स अशा महाराष्ट्राशी नाते असलेल्या अनेक कंपन्या आहेत. सेबीने जानेवारी २०१९ मध्ये ईटीएफसाठी जे निकष घातले, त्यांनुसार क्षेत्रीय निर्देशांकात एका शेअरचा वाटा ३५ टक्क्यांपेक्षा आणि पहिल्या तीन शेअरचा एकत्रित वाटा ६५ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. नियम हितकारक आहे, पण त्याचा दुसरा अर्थ असा की, शंभर रुपयांपैकी पासष्ट रुपये तीनच कंपन्यांत असले तरी ते नियमात बसते.

शिवाय कंपन्या दहा असल्या तरी त्यांचा ग्राहक बहुतांशी एकाच देशात आहे. या कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग अमेरिकेतून येतो. इन्फोसिसच्या बाबतीत उत्तर अमेरिकेचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. तेथील बँका व व्यापारी कंपन्यांनी संगणकीय कामांवरील खर्च आखडता घेतला की दहाही कंपन्यांना त्याची झळ एकाच वेळी बसते. २०२२ मध्ये निफ्टी आयटी निर्देशांक सुमारे एक चतुर्थांशाने खाली आला, तो एखाद्या कंपनीच्या चुकीमुळे नव्हे. एक कंपनी बुडण्याचा धोका हे साधन कमी करते. क्षेत्र बुडण्याचा धोका मात्र ते जसाच्या तसा गुंतवणूकदाराच्या पदरात टाकते.

इतिहासाची साक्ष :

नॅस्डॅक-१०० वर आधारित पहिला ईटीएफ अमेरिकेत १० मार्च १९९९ रोजी सुरू झाला. बरोबर एका वर्षाने, १० मार्च २००० रोजी, नॅस्डॅक कंपोझिट निर्देशांक ५,०४८ वर पोहोचला आणि तेथून ऑक्टोबर २००२ पर्यंत १,११४ वर उतरला. ही घसरण सुमारे ७८ टक्क्यांची होती. ती भरून निघण्यासाठी निर्देशांक साडेचार पट वाढणे आवश्यक होते आणि त्यासाठी एप्रिल २०१५ उजाडावे लागले. भारतातही त्याच उधाणात, १९९९-२००० च्या सुमारास, तंत्रज्ञान क्षेत्राचे म्युच्युअल फंड एकामागून एक बाजारात आले होते. क्षेत्रीय साधने बहुधा क्षेत्राच्या भरतीच्या काळात जन्मतात, हा यातून मिळणारा धडा होय. दीर्घ मुदतीत या क्षेत्राने उत्तम परतावा दिला, हे खरे आहे. परंतु तो परतावा ज्यांना मधली पंधरा वर्षे थांबणे परवडले त्यांचा आहे.

भाव आणि मूल्य :

परदेशी तंत्रज्ञान कंपन्यांच्या ईटीएफबाबत आणखी एक वैगुण्य दिसून येते. भारतीय म्युच्युअल फंड उद्योगाच्या परदेशी गुंतवणुकीवर एकूण ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आल्याने फेब्रुवारी २०२२ पासून नव्या परदेशी गुंतवणुकीवर निर्बंध आले. नवी युनिटे निर्माण होणे अडले, मागणी मात्र थांबली नाही. परिणामी अशा काही ईटीएफचा बाजारभाव त्यांच्या निव्वळ मालमत्ता मूल्यापेक्षा वर गेला. समजा, १०० रुपये मूल्याचे युनिट कोणी ११२ रुपयांना घेतले. पुढे शेअरचे मूल्य १० टक्क्यांनी वाढून ११० झाले आणि वरचा फरक नाहीसा झाला, तर निर्देशांक वाढूनही त्या व्यक्तीला दोन रुपयांचा तोटाच होतो. खरेदीपूर्वी भाव आणि मूल्य शेजारी ठेवून पाहणे ही सवय म्हणूनच आवश्यक ठरते.

केनवडचा संदर्भ :

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झाला. सोयाबीन, तूर व हरभरा ही येथील मुख्य पिके असून शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. या परिसरातील दोन प्रकारची कुटुंबे विचारार्थ कल्पिता येतील.

पहिल्या कुटुंबाची सर्व मिळकत शेतीची आहे. पाऊस आणि सोयाबीनचा भाव हे त्याचे धोके. अमेरिकेतील संगणकीय खर्चाशी त्यांचा संबंध नाही. अशा कुटुंबासाठी तंत्रज्ञान क्षेत्राचा ईटीएफ, अल्प प्रमाणात का होईना, खरोखर जोखमीची विभागणी करतो. त्याची अडचण वेगळी आहे : पेरणीचा जून महिना बाजाराची वाट पाहत नाही. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या हिशेबाने एक लाख रुपये म्हणजे जवळपास १९ क्विंटल सोयाबीन. २०२२ सारख्या घसरणीत त्यांपैकी पावणेपाच क्विंटल नाहीसे होतात. बी-बियाणे व खतांचा पैसा म्हणूनच येथे येता कामा नये.

दुसऱ्या कुटुंबातील मुलगा वा मुलगी अभियांत्रिकी शिकून पुण्यात हिंजवडीच्या संगणक कंपनीत नोकरीस आहे. गावाकडे येणारा पैसा, धाकट्यांचे शिक्षण, पुण्यातील घराचा हप्ता हे सारे त्या पगारावर चालते. हेच कुटुंब तंत्रज्ञान क्षेत्राच्या ईटीएफकडे सर्वाधिक ओढले जाते, कारण ते क्षेत्र त्याला ‘आपले’ वाटते. प्रत्यक्षात पगार, गृहकर्ज आणि गुंतवणूक या तिन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगल्या जातात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० पदे कमी करण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले आणि बाजार उघडताच आयटी शेअर घसरले. अशा प्रसंगी ज्या आठवड्यात नोकरीची काळजी लागते, त्याच आठवड्यात बचतही आटते आणि ती नाइलाजाने पडत्या भावात विकावी लागण्याचा संभव असतो.

येथे एक विसंगतीही नोंदविण्याजोगी आहे. सेबीने २० डिसेंबर २०२१ पासून सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले व २०२५ मध्ये ती स्थगिती ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढविली. लहान शेतकरी वायदे बाजारात सहसा स्वतः उतरत नाही, तथापि शेतकरी उत्पादक कंपन्यांना भावाच्या घसरणीपासून संरक्षण मिळविण्याचा तो एक मार्ग होता. घरच्या जोखमीपासून बचाव करण्याची वाट बंद आणि परक्या जोखमीची खरेदी बोटाच्या अंतरावर, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली.

निष्कर्ष :

तंत्रज्ञान क्षेत्रातील ईटीएफ हे स्वस्त व पारदर्शक साधन आहे, याविषयी दुमत नसावे. आक्षेप आहे तो त्याच्या सरसकट शिफारशीला. ‘हे साधन चांगले की वाईट’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. ‘या घरात चूल कशावर पेटते’ हा प्रश्न त्याच्या आधी विचारला गेला पाहिजे. शेतीवर जगणाऱ्याला जे साधन आधार देऊ शकते, तेच संगणक कंपनीच्या पगारावर जगणाऱ्याचा धोका दुप्पट करते. दुसऱ्या प्रकारच्या कुटुंबाला व्यापक निर्देशांकाचा ईटीएफ, ठेवी आणि गावाकडची जमीन यांचा मेळ अधिक हितावह होय. ग्रामीण महाविद्यालयांतून गुंतवणूक साक्षरतेचे जे उपक्रम राबविले जातात, त्यांत खाते उघडण्याच्या कृतीइतकेच महत्त्व कुटुंबाच्या मिळकतीच्या या ताळेबंदाला मिळाले, तर बाजाराची खेड्यापर्यंत आलेली वाट खऱ्या अर्थाने उपयोगी ठरेल.