देशी गोवंशाची ‘रोगप्रतिकारशक्ती’ : एका विधानाची चिकित्सा

‘देशी गाईची रोगप्रतिकारशक्ती संकरित गाईपेक्षा अधिक असते’ हे विधान पशुविज्ञानविषयक मराठी लेखनात स्वयंसिद्ध सत्याप्रमाणे वावरताना दिसते. विधान निराधार नाही. मात्र त्यातील ‘अधिक’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गोचिडांमार्फत पसरणारा थायलेरिओसिस, म्हणजेच पशुपालकांचा गोचीड ताप, येथे विचारात घेता येईल. थायलेरिया ॲन्युलाटा हा परजीवी गाईच्या पांढऱ्या पेशींत शिरतो व त्यांना कर्कपेशींप्रमाणे अनिर्बंध वाढावयास लावतो. ग्लास व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साहिवाल व होल्स्टीन वासरांना हा संसर्ग देण्यात आला. संसर्ग दोहोंनाही झाला. परंतु होल्स्टीन वासरांना घातक ठरलेल्या मात्रेतून साहिवाल वासरे बचावली. त्यांना ताप कमी आला आणि रक्तातील दाहनिदर्शक प्रथिनांची वाढही मर्यादित राहिली. म्हणजे साहिवालचा प्रतिसाद अधिक तीव्र नव्हता, तर अधिक संयत होता. होल्स्टीनच्या शरीराने उसळवलेला दाहच त्याच्या जिवावर उठला. यास ‘शक्ती’ म्हणण्यापेक्षा सहनशीलता म्हणणे शास्त्राला धरून होईल.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. बरे झालेले जनावर परजीवीचे वाहक राहू शकते आणि त्याचे रक्त शोषलेली गोचीड तो पुढे नेते. दिवा-शीळ परिसरातील एखाद्या गोठ्यात गावठी गाय व होल्स्टीन संकर एकाच दावणीला असतील, तर धडधाकट दिसणारी गावठी गायच शेजारणीच्या आजाराचे मूळ असू शकेल. ‘तिला काही होत नाही’ म्हणून तिच्या अंगावरील गोचिडांकडे दुर्लक्ष करणारा पशुपालक अशा लेखनाचाच वाचक असतो.

दुसरा आक्षेप सामान्यीकरणाविषयी. साहिवाल ही पंजाबातील जात. तिच्यावरील निष्कर्ष २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदल्या गेलेल्या कोकण कपिलेला, किंवा डांगी व खिल्लारला, जसाच्या तसा लावणे म्हणजे ‘देशी’ या एका शब्दाखाली भिन्न वंशेतिहास गाडून टाकणे होय. कोकण कपिलेची वासरे याच कसोटीवर तपासून मगच तिच्याविषयी बोलावे. तोवर गोचीड निर्मूलन गोठ्यातील सर्वच जनावरांचे व्हावे आणि संकरित जनावरांना थायलेरियाची लस द्यावी. ही लस द्रवनत्रात साठवावी लागते, ही अडचण मात्र लहान गोठ्यांसाठी खरी आहे.