संरक्षणाचे कलम आणि ‘देवीची टेकडी’

ई. एम. फॉर्स्टर यांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांच्या दरबारी फॉर्स्टर १९२१ साली काही महिने खासगी चिटणीस होते. त्यापूर्वी १९१२-१३ मध्येही ते येथे येऊन गेले होते. या दोन मुक्कामांत घरी लिहिलेली पत्रे आणि त्यांना जोडणारे नंतरचे निवेदन, असे पुस्तकाचे स्वरूप आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस ते ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या कादंबरीची पूर्वसामग्री म्हणून महत्त्वाचे वाटते. त्या कादंबरीच्या तिसऱ्या भागातील जन्मोत्सव देवासच्या गोकुळाष्टमीवरून उतरला आहे, हे खरेच आहे. पण आम्हां माळव्यातील मराठी माणसांस हे पुस्तक निराळ्या कारणाने वाचावे लागते. त्यांत आमचे घर आहे, आणि त्या घराला हसणारा एक सज्जन पाहुणा आहे.

महाविद्यालयात असताना आम्ही ते प्रथम वाचले तेव्हा आम्हांस राग आला. शिक्षक झाल्यावर पुन्हा वाचले तेव्हा हसू आले, आणि आपण मोठे झालो असे वाटून थोडे समाधानही झाले. गेल्या पावसाळ्यात ते तिसऱ्यांदा हाती घेण्यास कारण झाले ते मात्र इयत्ता दहावीतील एका विद्यार्थ्याचे.

हा मुलगा वर्गात बाकाखाली भ्रमणध्वनी धरून बसलेला सापडला. विचारता कळले की तो राज्य चालवीत होता. संगणकाच्या जाळ्यावर देशोदेशींची मुले एकेक काल्पनिक राष्ट्र स्थापतात, कर बसवितात, सैन्य उभारतात, आणि अनेक राष्ट्रे मिळून संघ करतात. एखादा संघ नवा व दुबळा असला म्हणजे तो बलाढ्य संघाशी तह करतो. त्या तहाला तो ‘प्रोटेक्टोरेट’ म्हणत होता. थोरल्याने धाकट्याचे रक्षण करायचे. धाकट्याने थोरल्यास विचारल्यावाचून दुसऱ्या कोणाशी तह करायचा नाही, युद्धही पुकारायचे नाही. मुलगा हे इतक्या गांभीर्याने सांगत होता की शिक्षा करण्याचे आम्ही विसरलो. आम्ही त्यास म्हणालो, “अरे, तू जे सांगतोस ते या गावात १८१८ साली झालेले आहे.” दुसऱ्या दिवशी त्या तहाचा गोषवारा आम्ही त्याच्यापुढे ठेवला. तो त्याने लक्षपूर्वक वाचला आणि विचारले, “सर, यांत तह मोडायचे कलम कुठं आहे? आमच्यात बहात्तर तासांची सूचना दिली की सुटता येतं.”

इतकी वर्षे इतिहास शिकवून हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. फॉर्स्टर यांच्याही तो मनात आला नाही, आणि त्यांच्या पुस्तकाविषयी आम्हांस जे म्हणावयाचे आहे त्याचे मूळ येथेच आहे.

देवासचा तह १२ डिसेंबर १८१८ चा. ईस्ट इंडिया कंपनीने तो दोन्ही पातींच्या राजांशी एकत्र केला. कंपनीने संरक्षण द्यावे. राजांनी सरकारच्या कामी घोडेस्वार व पायदळ ठेवावे. इतर राज्यांशी परभारे बोलणी करू नयेत. आणि दोघा राजांनी मिळून एकाच कारभाऱ्यामार्फत वागावे, असा त्याचा आशय. धारचा तह त्यानंतर महिनाभराने, १० जानेवारी १८१९ रोजी झाला. त्यांतही कंपनी सरकारशी अधीन राहून सहकार्य करणे व अन्य कोणाशी सख्य न जोडणे, हा गाभा तोच. दोन्हींमागे सर जॉन माल्कम यांची माळव्याची घडी बसविण्याची योजना होती.

हे तह दुष्टपणाने लादले गेले असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. धारची त्या वेळची अवस्था माल्कम यांच्या ‘मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८२३) या ग्रंथात वाचावी. आनंदराव पवार वारल्यावर त्यांची गर्भवती विधवा मीनाबाई मांडवगडास जाऊन राहिली व तेथे प्रसूत झाली. घरातलाच मुरारीराव राज्यावर हक्क सांगत उठला होता. बाहेर शिंदे, होळकर आणि पेंढारी यांच्या फौजा प्रांत ओरबाडीत होत्या. पुढे मुलगा वारला तेव्हा तिने दत्तक घेतला आणि किल्ला व गादी सोडली नाही. अशा बाईने कोणी रक्षण करतो म्हटल्यावर कागदावर मोहोर उठविली, तर तिला दोष देणारा माणूस पेंढाऱ्यांच्या वाटेवरच्या गावात कधी राहिला नसावा. तहानंतर ओसाड गावे पुन्हा वसली, हेही नाकारता येत नाही. आणि आपल्याकडे तरी काय? पवार माळव्यात आले ते चौथ-सरदेशमुखीच्या सनदा घेऊनच, आणि चौथ म्हणजे पुष्कळदा न लुटण्याचे मोल होते. त्याच धारच्या किल्ल्यात १७७५ साली जन्मलेल्या दुसऱ्या बाजीरावाने १८०२ च्या अखेरीस वसईचा तह करून कंपनीच्या फौजेचे छत्र स्वतःवर धरून घेतले होते.

तेव्हा तह का झाला हा प्रश्न अवघड नाही. तो कधी संपणार होता, हा खरा प्रश्न. आमच्या जुन्या कागदांतला कौल पाहा. ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेस पाटील-देशमुखांच्या साक्षीने इस्तावा कौल मिळे. पहिल्या वर्षी सारा हलका, पुढे वर्षावर्षास चढता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुरी आकारणी. अभय देणारा कागदच त्या अभयाची मुदत सांगत असे. १८१८ च्या तहाला मुदत नाही. तो ‘संरक्षण’ म्हणतो आणि पुढे थांबतो. मराठीत अशा राजास ‘मांडलिक’ हा सरळ शब्द होता. मांडलिकाला आपण मांडलिक आहोत हे ठाऊक असते आणि सार्वभौम दुबळा झाला की सुटावे कसे हेही ठाऊक असते. ‘संरक्षित’ या शब्दाने ते ज्ञानच काढून घेतले.

संरक्षक रक्षणाखालच्याचेच काय करू शकतो, हे धारला चाळीस वर्षांच्या आत कळले. १८५७ साली दरबारच्या भाडोत्री शिपायांनी बंड करून किल्ला बळकावला. ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने वेढा घालून तो घेतला, आणि बंडाबद्दल संस्थान जप्त झाले. राजे तिसरे आनंदराव त्या वेळी अल्पवयीन होते. १८६० मध्ये संस्थान परत मिळाले, परंतु बेरसिया परगणा मिळाला नाही. तो भोपाळच्या बेगमेस बक्षीस गेला. बेरसिया आजही भोपाळ जिल्ह्यात आहे. आमचा विद्यार्थी हे ऐकून म्हणाला की त्याच्या खेळात रक्षकाने रक्षिताचा मुलूख तिसऱ्या मित्रास दिला तर इतर संघ त्या रक्षकावर तुटून पडतील. त्याच्या खेळात रक्षक अनेक आहेत. माळव्यात एकच उरला होता, हा भेद त्यास समजावून द्यावा लागला.

शिवाय रक्षणाच्या पोटात रक्षण होते. मुलथान, कच्छी-बडोदा, बखतगड येथील ठाकूर धारला टाका भरीत, पण त्यांच्या हक्कांची हमी इंग्रजांची. म्हणजे राजा ज्यांच्याकडून पैसे घेई त्यांच्या कारभारात हात घालू शकत नसे. टाका का तटला, हे विचारण्यासाठीसुद्धा वाट एजन्सीच्या कचेरीवरून जात असे.

आता फॉर्स्टर यांच्याकडे वळू. देवासचे वर्णन करताना त्यांची लेखणी खुलते. ४४६ चौरस मैलांचे एक संस्थान आणि ४४० चौरस मैलांचे दुसरे, दोहोंची राजधानी एकच गाव. रस्त्याच्या एका बाजूस एक राज्य, दुसऱ्या बाजूस दुसरे. पाणी निराळे, दिवाबत्ती निराळी, दोन राजवाडे, दोन दरबार, आणि वरती टेकडीवर देवी मात्र सामाईक. हे सारे त्यांना संगीत प्रहसनासारखे वाटते. कोणालाही वाटेल. पण प्रहसनाचे कथानक कोणी रचले, हे ते विचारीत नाहीत. दोघा राजांनी एका कारभाऱ्यामार्फत वागावे असे तहात होते. तरी १८४१ मध्ये वाटणी होऊन कारभार पुरते विभक्त झाले. एरवी दोन भाऊबंदांच्या राज्यांचे भांडण तीन मार्गांनी सुटले असते. एकाने दुसऱ्यास जिंकले असते, किंवा दोघे तिसऱ्याच्या भीतीने एक झाले असते, किंवा दोघांना तिसऱ्याने गिळले असते. संरक्षणाच्या तहाने तिन्ही दारे बंद केली आणि भांडण तेवढे आत ठेवले. ज्या राज्याला परराज्यनीती नाही त्याची सगळी बुद्धी सलामीच्या तोफा, आसनाची जागा, दत्तकाची मंजुरी आणि रस्त्यावरचा दिवा कोणी लावायचा यांत खर्च होते. फॉर्स्टर यांनी जे पाहिले ते हेच होते; त्यांनी ते देवासचा स्वभाव म्हणून नोंदविले.

येथे आमच्या टीकेला मर्यादा घालणे आवश्यक आहे. दरबाराचा कारभार त्यांना हास्यास्पद वाटला तरी महाराज हास्यास्पद वाटले नाहीत. तुकोजीरावांचे त्यांनी काढलेले चित्र प्रेमाचे आहे, आणि त्या माणसाची भक्ती, विनोदबुद्धी व उधळेपणा एकाच पानावर पेलण्याचे सामर्थ्य फार थोड्या लेखकांत असते. आमच्याकडील दरबारी चरित्रकारांना तर ते मुळीच साधत नाही. तेथे राजा जन्मापासून प्रजाहितदक्ष असतो. गोकुळाष्टमीच्या पत्रांत परक्या माणसाचा गोंधळ आणि आदर दोन्ही उतरले आहेत, व ते प्रकरण आम्ही आजही वर्गात आनंदाने सांगतो.

पण पुस्तकाचा उत्तरार्ध पाहा. महाराजांचा विवाह कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्येशी झाला होता. तह करण्याची मनाई असलेल्या राजास सोयरीक ही एकच युती मोकळी होती, आणि तीही टिकली नाही. राणीसाहेब कोल्हापुरास परत गेल्या. १९२७ साली युवराज विक्रमसिंह वडिलांवर विषप्रयोगाच्या बेताचा आरोप ठेवून इंदूरला इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या आश्रयास गेले. ज्याच्या रक्षणाखाली बाप, त्याच्याच दारी मुलगा! त्या क्षणी १८१८ च्या तहाचा सगळा अर्थ एका घराण्याच्या दुःखात उघडा पडतो. फॉर्स्टर मित्राच्या शोकाने व्याकूळ होतात, आणि ही अवनती मुख्यतः माणसांच्या स्वभावांतून घडली असे वाचकाच्या मनावर ठसते. स्वभाव होतेच. परंतु त्याच सुमारास, मार्च १९२६ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी निजामास कळविले होते की इंग्रजांचे श्रेष्ठत्व केवळ तहांवर अवलंबून नाही. आणि १९२९ च्या बटलर समितीने त्या श्रेष्ठत्वाची मर्यादा आखून देण्याचे नाकारले. म्हणजे ज्या कागदाच्या बळावर संस्थानिक आपली प्रतिष्ठा मोजीत होते, तो कागद दुसऱ्या बाजूने केव्हाच मिटवून ठेवलेला होता.

तुकोजीरावांनी मग जे केले त्याकडे विलक्षणपणा म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. संस्थान कर्जात बुडाले, सरकारचा दाब वाढला, तेव्हा १९३३ च्या अखेरीस ते पाँडिचेरीस गेले व परतलेच नाहीत; १९३७ साली तेथेच वारले. पाँडिचेरी फ्रेंचांची होती. इंग्रजांच्या संरक्षणाखालील राजास इंग्रजांपासून सुटण्यासाठी हिंदुस्थानात जी थोडी जमीन शिल्लक होती, तिथे तो जाऊन बसला. शंभराहून अधिक वर्षांत या तहाला कोणी दिलेली ती एकच सूचना असेल तर असो. ती देण्यास राज्य मागे टाकावे लागले.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पंधरा दिवसांनी दिले. तह मोडायचे कलम तहात नव्हते. ते १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यात आले. त्या कायद्याने संस्थानांशी झालेले तह १५ ऑगस्ट रोजी संपले, आणि १९४८ मध्ये धार व देवासच्या दोन्ही पाती मध्यभारतात विलीन झाल्या. त्याच १९४७ साली विक्रमसिंह कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले होते. मुलाने बोटांवर हिशेब केला: एकशे एकोणतीस वर्षे. बहात्तर तासांशी त्याने त्याची तुलना केली की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकबंधूंस आमची एक सूचना आहे. ‘द हिल ऑफ देवी’ वर्गात अवश्य वाचावे, पण त्याआधी तहाची कलमे फळ्यावर लिहावीत. चार ओळींचे काम आहे. मग मुले हसतील तेथे हसू द्यावे.

जाता जाता त्या मुलाने आणखी विचारले, “सर, आपली शाळा थोरल्या पातीत होती की धाकट्या?” आम्ही त्यास खिडकीशी नेऊन रस्ता दाखविला. शाळा या बाजूस, धाकट्या पातीत. आणि ज्या दुकानातून तो वह्या घेतो ते समोर, दुसऱ्या राज्यात.