शहरांचा जाहीरनामा, मनामातून वाचताना

नोव्हेंबर 2018 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम, बार्सिलोना आणि न्यूयॉर्क या तीन शहरांनी डिजिटल हक्कांसाठी शहरांची एक आघाडी काढली. पुढे तिच्यात पन्नासहून जास्त शहरं आली. आघाडीचा जाहीरनामा छोटासाच आहे, पाच तत्त्वांचा: सगळ्यांना समान इंटरनेट आणि डिजिटल साक्षरता, खासगीपणा, अल्गोरिदमची पारदर्शकता, लोकसहभाग, आणि खुल्या डिजिटल सेवा. हेतू चांगला आहे, याबद्दल वाद नाही. पण बहरीनमध्ये बसून तो वाचला की त्यातली गृहीतकं एकेक करून उघडी पडायला लागतात.

आधी त्यांचं श्रेय त्यांना देऊया. शहरं एकत्र येऊन खरंच काही करू शकतात, हे बार्सिलोनाने दाखवलंय. नागरिकांच्या सूचना आणि चर्चांसाठी त्यांनी ‘डेसिडिम’ नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं आणि त्याचा कोड खुला ठेवला. हेलसिंकीने तेच घेऊन लोकसहभागाचं बजेट राबवलं. एका शहराचे कष्ट दुसऱ्याच्या कामी आले. सहकार्य म्हणतात ते हेच.

आता पहिलं गृहीतक: दरी म्हणजे मुख्यतः कनेक्शन नसणं. बहरीनमध्ये इंटरनेट वापराचा अधिकृत आकडा जवळपास शंभर टक्के आहे. म्हणजे कागदावर दरी संपली. पण 2020 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे 15 लाख होती, आणि त्यातले निम्म्याहून जास्त, जवळपास 7 लाख 89 हजार, परदेशी नागरिक होते. सरकारी पोर्टल अरबी आणि इंग्रजीत. सलमाबादच्या कामगार वस्तीतला तेलुगू किंवा बंगाली बोलणारा माणूस रात्री घरी व्हिडिओ कॉल करतो, रील्स बघतो, म्हणजे तो ‘इंटरनेट वापरणारा’ झालाच. पण व्हिसाचं स्टेटस बघायचं किंवा पगाराची तक्रार करायची म्हटली, की तो कुणाच्या तरी हातात फोन देतो. मे 2021 पासून बहरीनने खासगी क्षेत्रातले पगार टप्प्याटप्प्याने बँकेमार्फत द्यायला लावले. पाऊल चांगलंच होतं, पण घरकामगार त्यातून बाहेर राहिले. आणि ज्याला बँकेचं अ‍ॅप वाचता येत नाही, त्याचा पिन दुसऱ्यालाच माहीत असतो. शंभर टक्क्यांच्या आकड्यात हे कुठे दिसणार?

दुसरं गृहीतक: शहर म्हणजे लोकांनी निवडलेलं, स्वतःचे अधिकार असलेलं सरकार. बहरीनमध्ये चार गव्हर्नरेट आहेत. मुहर्रक, उत्तर आणि दक्षिण इथे निवडून आलेल्या पालिका परिषदा आहेत, राजधानीत मात्र 2014 पासून नेमलेलं विश्वस्त मंडळ. डिजिटल सेवा सगळ्या केंद्रीय प्राधिकरणाकडे. 2006 च्या पालिका निवडणुकीत मालमत्ता असलेल्या परदेशी रहिवाशांनाही मत होतं, पण बंक बेडवर झोपणाऱ्याकडे मालमत्ता कुठली? आणि आपण मराठी माणसांनी यावर फार नाकं मुरडायला नकोत. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महापालिकाही तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकानेच चालवली. लोकसहभागाचं तत्त्व तेव्हा कोणी आणि कुणापुढे मांडायचं होतं?

तिसरं गृहीतक मला सगळ्यात जास्त खटकतं: माणूस एकाच शहरात राहतो. आपल्यातले बरेच जण दोन ठिकाणी राहतात, निदान फोनवर तरी. जानेवारी 2023 मध्ये परदेशी मोबाइल नंबरवर यूपीआय वापरायची परवानगी मिळाली ती दहा देशांना. त्यात सौदी, अमिराती, ओमान, कतार होते. बहरीन नव्हतं. मनामातल्या मुलाला सांगलीतल्या आईचं लाइट बिल भरायचं, तर भारतातलं सिम चालू ठेवायचं किंवा शेजारच्या काकांना फोन करायचा. ही दरी मनामाची की सांगलीची? जाहीरनाम्यात तिला जागाच नाही.

यावर उत्तर येईल की हे देशांचं काम आहे, शहरांचं नाही. देशांनी ते केलंयही: 2020 मध्ये स्थापन झालेल्या डिजिटल को-ऑपरेशन ऑर्गनायझेशनच्या संस्थापकांत बहरीन आहे. पण देशांचे करार डिजिटल अर्थव्यवस्थेबद्दल असतात, आणि मनामाच्या बाजारात फोन हातात घेऊन गोंधळलेला माणूस त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. तो दिसतो पालिकेच्या खिडकीवरच्या कारकुनाला. म्हणून शहरं लागतातच, फक्त जाहीरनाम्यातली नव्हेत.

मग काय मागायचं? बार्सिलोनाने कोड वाटला, आखाती शहरांनी भाषांतरं वाटावीत. तक्रार कशी करायची, पगार कसा तपासायचा, पिन का सांगू नये, हे हिंदी, मल्याळम, तेलुगू, बंगालीत एकदा नीट लिहिलं आणि रेकॉर्ड केलं, की मुहर्रकला चालतं, थोड्या फेरफारांनी कुवेत आणि मस्कतलाही चालतं. प्रत्येक पालिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी एक मदत-टेबल, शुक्रवारीसुद्धा, कारण बहुतेकांना सुट्टी तेव्हाच असते. याला निवडून आलेला महापौर लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

यातून सत्तेचा प्रश्न सुटणार नाही. ज्याला मत नाही, त्याला हे टेबल उद्या बंद झालं तर जाब विचारता येणार नाही. जाहीरनाम्यात सहावं तत्त्व घालायचं असेल तर ते इथून सुरू व्हावं: मत नसलेल्या रहिवाशालाही शहराने उत्तर द्यायला हवं. पन्नास शहरांनी त्यावर सही केली, तर पुढची चर्चा जरा प्रामाणिक होईल.