निवडलेले आणि वगळलेले : नॉस्टिक विचार व जयपूरचे पंडित टोडरमल

नॉस्टिक पंथांचा उल्लेख निघाला की त्यांच्या 'ग्नोसिस'ला आपले आत्मज्ञान म्हणून मोकळे होण्याचा मोह भारतीय अभ्यासकाला आवरत नाही. हे साम्य अगदीच खोटे नाही. परंतु ते जेथे थांबते तेथेच खरा प्रश्न सुरू होतो. आत्मज्ञान कोणाला होते हे सांगणे सोपे आहे. ते कोणाला होऊच शकत नाही, असे एखादे दर्शन म्हणते काय, आणि म्हणत असेल तर त्या वगळलेल्या जीवाशी ते कोणत्या भाषेत बोलते, हा तो प्रश्न होय.

दुसऱ्या शतकातील व्हॅलेंटायनसच्या अनुयायांनी मनुष्याचे तीन वर्ग मानले होते. न्यूमॅटिक म्हणजे आत्मिक, सायकिक म्हणजे केवळ प्राण-मनाच्या पातळीवरचे, आणि हायलिक म्हणजे मृण्मय. पहिल्यांचा उद्धार निश्चित, तिसऱ्यांचा नाश निश्चित. मधल्यांना श्रद्धा व सदाचार यांच्या बळावर काही मर्यादित गती. सुमारे इ. स. १८० मध्ये ल्योंचा बिशप इरिनीअस याने या मतावर कडाडून हल्ला चढविला. जे स्वभावतःच तरलेले आहेत त्यांना आचाराचे बंधन कशाला, हा त्याच्या आक्षेपाचा गाभा. चिखलात पडले तरी सोन्याची कांती जात नाही, असा दृष्टांत हे लोक देतात, असेही तो नोंदवितो. १९४५ मध्ये ईजिप्तमधील नाग हम्मादीजवळ कॉप्टिक भाषेतील तेरा हस्तलिखित ग्रंथ सापडेपर्यंत नॉस्टिकांची ओळख बहुतांशी अशा विरोधकांच्या मुखानेच होत होती. त्या संग्रहातील 'त्रिभागात्मक प्रबंध' वाचला म्हणजे चित्र थोडे पालटते. तेथेही वर्ग तीनच आहेत. पण तारक आल्यावर कोण त्याच्याकडे धावले, कोण घुटमळले आणि कोणी पाठ फिरविली, यावरून ते ओळखू येतात. वर्ग आधीचा की प्रतिसाद आधीचा, हा वाद विद्वानांत चालू आहे. आम्हांला मात्र वाटते की ही संदिग्धता त्या विचाराच्या हाडामांसातलीच आहे.

या त्रिविध विभागणीचे भारतीय प्रतिरूप म्हणून मध्वाचार्यांचे मुक्तियोग्य, नित्यसंसारी व तमोयोग्य हे तीन वर्ग पुढे केले जातात, आणि ते योग्यच आहे. पण तेथे एक सर्वसमर्थ ईश्वर आहे. ईश्वराला जगत्कर्ता न मानणाऱ्या जैन दर्शनात हाच प्रश्न अधिक उघडावाघडा होऊन समोर येतो. 'तत्त्वार्थसूत्रा'च्या दुसऱ्या अध्यायात भव्यत्व आणि अभव्यत्व हे जीवाचे पारिणामिक भाव म्हणून गणले आहेत. भव्य म्हणजे मोक्षाची पात्रता असलेला जीव, अभव्य म्हणजे ती नसलेला. ही पात्रता कर्माने येत नाही आणि कर्माने जात नाही. येथे निवडणारा कोणीच नाही, तरी निवड झालेली आहे! समंतभद्रांनी 'आप्तमीमांसे'त शिजणाऱ्या व न शिजणाऱ्या धान्याच्या शक्तीची उपमा दिली आणि स्वभाव हा तर्काचा विषय नव्हे असे म्हणून प्रश्न मिटविला. ज्या ग्रंथाचा श्वासच तर्क आहे, त्यात तर्काला असे दारावरून परत पाठवावे याचे आम्हांला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

हा सारा वारसा अठराव्या शतकात जयपूरच्या एका पंडिताकडे आला. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीत दिगंबर जैनांच्या तेरापंथाचे पंडित टोडरमल यांनी 'गोम्मटसार' आदी प्राकृत ग्रंथांवर 'सम्यग्ज्ञानचंद्रिका' ही विशाल टीका लिहिली, आणि 'मोक्षमार्गप्रकाशक' हा स्वतंत्र ग्रंथ नवव्या अधिकारात अपुरा टाकून ते गेले. सांप्रदायिक कलहात राजाज्ञेने त्यांना मृत्युदंड झाला अशी परंपरा आहे. या ग्रंथाचा सातवा अधिकार नॉस्टिक वाङ्मयाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा. कुंदकुंदांच्या 'समयसारा'तही चिखलातील सोन्याचा दृष्टांत येतो. ज्ञानी कर्मांत राहूनही लिप्त होत नाही असे तेथे सांगितले आहे. या वचनांच्या आधारे स्वतःला आत्ताच सिद्धांसमान शुद्ध मानून व्रत, तप, शास्त्राभ्यास सोडून देणाऱ्यांना टोडरमल 'निश्चयाभासी' म्हणतात आणि त्यांची एकेक सबब खोडून काढतात. (आग्र्याचे बनारसीदास यांनी 'अर्धकथानका'त दिलेली कबुली येथे आठवते. 'समयसार' वाचून भारावलेली ही मित्रमंडळी कोठडीत नग्न होऊन आपण मुनी झालो म्हणून फिरत असत.) इरिनीअसने जे बाहेरून, शत्रू म्हणून केले, तेच टोडरमल आतून, त्याच ग्रंथावर श्रद्धा ठेवून करतात. सोने चिखलात बिघडत नाही हे खरे. पण खाणीतले सोने दगडाशी अनादिकालापासून जडलेले असते आणि अग्नीवाचून ते सुटत नाही, हा जैनांचा दुसरा दृष्टांत त्यांच्या युक्तिवादाच्या मुळाशी आहे.

उलट बाजूने पाहिले तर अभव्य कोण हे ओळखता येत नाही. क्षयोपशम, विशुद्धी, देशना, प्रायोग्य या चार लब्धी भव्य-अभव्य दोघांनाही मिळू शकतात. पाचवी करणलब्धी तेवढी भव्याची. अभव्य जीव महाव्रते पाळू शकतो, अकरा अंगांचे अध्ययन करू शकतो, ग्रैवेयक स्वर्गापर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे आचार, विद्या, पुण्य यांपैकी कशावरही निवडीचा शिक्का उमटलेला नाही. नॉस्टिकाला आपण कोण हे ओळखताक्षणीच आपली निवड कळते. जैनाच्या बाबतीत ते केवलज्ञानीच जाणतो.

संख्येचा हिशेब तर थेट उलटा आहे. बॅसिलिडीझच्या अनुयायांच्या मते हे रहस्य जाणणारा हजारांत एक, दहा हजारांत दोन, असे इरिनीअस सांगतो. 'गोम्मटसारा'च्या गणिताप्रमाणे अभव्यांची संख्या अनंत असली तरी ती जघन्य युक्तानंत आहे, आणि भव्य त्यांच्या अनंतपट आहेत. एकीकडे निवडलेले हा अपवाद. दुसरीकडे वगळलेले हा अपवाद. या एका फरकाने संपूर्ण वाङ्मयाचा सूर बदलतो, असे आमचे मत आहे.

कारण लेखक कोणाला उद्देशून लिहितो हे या हिशेबावर ठरते. 'योहानाचे गुप्त पुस्तक' हे नावच वाचकाला निवडते. टोडरमल मात्र पहिल्याच अधिकारात सांगतात की व्याकरण-न्याय न शिकलेल्या मंदबुद्धींसाठी हा भाषाग्रंथ आहे. ज्यांना मोठ्या दिव्याचे तेल परवडत नाही त्यांना लहान दिवा लावून द्यावा. ढुंढारी-ब्रज मिश्रित गद्यात शंका आणि समाधान, पुन्हा शंका आणि समाधान अशी त्यांची रचना चालते. मुलतानच्या साधर्मी बंधूंना विक्रम संवत १८११ मध्ये लिहिलेल्या 'रहस्यपूर्ण चिठ्ठी'तही पद्मनंदींचा आधार घेऊन ते कळवितात की आत्म्याची वार्ता जो प्रीतीने ऐकतो तो निश्चये भव्य आहे. 'रहस्य' शब्द शीर्षकात असूनही पत्रात दडविलेले काही नाही. ऐकण्यातली प्रीती हीच खूण असेल, तर ऐकविणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते.

मराठी वाचकाला येथे महानुभावांची आठवण व्हावी. म्हाताऱ्या बायका वंचित होतील म्हणून संस्कृतात लिहू नका, असे नागदेवाचार्यांनी केशिराजांना बजावल्याचे 'स्मृतिस्थळ' सांगते. पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उकल होईपर्यंत मराठीचे आद्य गद्य मराठी माणसाला वाचता येत नव्हते. सिद्धांत बदलला नव्हता. वाचकाविषयीचा विश्वास आटला होता.

टोडरमलांच्या विवेचनात एक गाठ मात्र तशीच राहते. नवव्या अधिकारात शंकाकार विचारतो की मोक्ष काळलब्धीने मिळतो, भवितव्याने की पुरुषार्थाने? ते उत्तर देतात की काळलब्धी आणि भवितव्य या काही स्वतंत्र वस्तू नव्हेत. ज्या काळी कार्य झाले तीच काळलब्धी, जे झाले तेच भवितव्य. तू पुरुषार्थ कर. युक्तिवाद चोख आहे. पण हा शंकाकार स्वतः अभव्य असेल तर त्याला हेच उत्तर द्यावयाचे काय? देशनालब्धी त्यालाही मिळते, म्हणजे ग्रंथ त्याच्याही हाती पडणार, तो मन लावून वाचणार, व्रतही घेणार. टोडरमल त्याला वेगळा काढून बोलत नाहीत. एवढ्या शंका मांडणाऱ्या ग्रंथात ही एक शंका त्याच्या तोंडून येत नाही, आणि नववा अधिकार सम्यक्त्वाच्या विवेचनातच तुटतो.