नाममुद्रा आणि स्वरमुद्रा : यांत्रिक आवाज व गायक-वादकांचे हक्क

मराठी संतकाव्याच्या अभ्यासात प्रक्षिप्ताचा प्रश्न नवा नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्यासारख्या उत्तरकालीन कवींच्या रचना मिसळल्या गेल्या. त्या वेगळ्या काढणे हे पाठचिकित्सेचे काम ठरले. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेल्या गायनात नाममुद्रेची जागा स्वरमुद्रेने, म्हणजे विशिष्ट गळ्याच्या ओळखीने, घेतली आहे. येथे प्रश्न केवळ कर्तृत्वनिश्चितीचा राहत नाही. तो उपजीविकेचाही होतो.

या संदर्भात दोन प्रकारची उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. ‘लाल सलाम’ (२०२४) या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राद्वारे पुन्हा घडविले. त्यासाठी कुटुंबीयांची अनुमती घेऊन मोबदला दिल्याचे त्यांनी जाहीर केले. याउलट अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणारी साधने त्यांच्या संमतीविना उपलब्ध झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम मनाई केली. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. पहिल्या उदाहरणात संमती संगीतकाराने आपणहून घेतली. दुसऱ्या प्रकारात तिचा आग्रह न्यायालयामार्फत धरावा लागला.

मात्र या आदेशांना आधारभूत असलेला व्यक्तिमत्त्वहक्क कीर्तीवर उभा आहे. आवाज लोकांना ओळखू येतो, म्हणून तो संरक्षणीय ठरतो. मग समूहगायकाने किंवा ढोलकीवादकाने काय सिद्ध करावे? प्रताधिकार कायद्यात (१९५७) प्रयोगकर्त्याचे हक्क १९९४ मध्ये आले व २०१२ च्या दुरुस्तीने विस्तारले. परंतु ते विशिष्ट प्रयोगाचे हक्क आहेत, गळ्याच्या गुणधर्माचे नव्हेत. शिवाय चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक असतो आणि व्यवसायाच्या प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, अशा व्यक्तीला त्याच दुरुस्तीने बहुतांशी प्रयोगकर्ता मानलेले नाही. आधी प्रथेने नाव गाळावयाचे आणि मग नाव नाही म्हणून हक्क नाकारावयाचा, असा हा न्याय आहे.

यंत्राच्या समर्थनार्थ अनुकरणाच्या परंपरेचा दाखला दिला जातो. तो तपासून घ्यावा लागतो. कुमार गंधर्व बालवयात ध्वनिमुद्रिका ऐकून थोर गायकांची गायकी हुबेहूब उतरवीत, पुढे बा. र. देवधर यांच्याकडे शिकून त्यांनी स्वतःची गायकी घडविली. अनुकरण हा तेथे कलावंताच्या घडणीतील टप्पा होता आणि त्यातून परंपरेला एक नवा गायक लाभला. यंत्राच्या अनुकरणातून गायक घडत नाही. उलट, ज्या कामावर उमेदवारीतले कलावंत पोट भरतात, तेच काम कमी होण्याचा धोका संभवतो.

केंद्र शासनाच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये यंत्राच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचा परवाना आणि हक्कधारकांना मोबदला सुचविला. येथे ‘हक्कधारक’ या शब्दाची व्याप्ती निर्णायक ठरेल. ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार सहसा कंपनीकडे असतो. साथीदाराच्या नावाची नोंदच नसेल, तर मोबदल्याचा वाटा त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा? पाठचिकित्सेने पोथ्यांतील मिसळलेल्या रचनांचे कर्ते शोधण्याची शिस्त घालून दिली. ध्वनिमुद्रणांच्या नोंदींना तीच शिस्त लावणे, ही या हक्काची पहिली अट होय.