सुक्याबरोबर ओलेही जळते तेव्हा

३ डिसेंबर २०१८ रोजी टम्ब्लर या अमेरिकी समाजमाध्यमाने एक निवेदन काढले. १७ डिसेंबरपासून तेथे प्रौढांसाठीची चित्रे व चित्रफिती चालणार नाहीत, आणि कोणते चित्र त्या प्रकारचे आहे हे मुख्यतः संगणकाची आज्ञावली ठरवील, असा त्याचा आशय होता. या निर्णयाची चर्चा तेव्हा बहुतेक नीती आणि स्वातंत्र्य या दोन शब्दांभोवती फिरली. ते प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण आम्हाला येथे वेगळ्या बाजूने या निर्णयाची चिकित्सा करायची आहे. एखादी चाळणी चांगली की वाईट हे कसे ठरवायचे? हा प्रश्न विज्ञानाचा आहे, आणि आपल्या वर्गात तो सहज नेता येतो.

आधी घडले काय ते पाहू. टम्ब्लर २००७ मध्ये सुरू झाले. कोणीही तेथे स्वतःचे पान उघडावे, चित्रे आणि छोटे लेखन ठेवावे, दुसऱ्याचे आवडलेले पुढे पाठवावे, अशी त्याची रचना. प्रौढांसाठीच्या मजकुराला तेथे मुभा होती. त्यामुळे चित्रकार, छायाचित्रकार आणि इतरत्र संकोचाने वावरणारी समलिंगी व पारलिंगी माणसे तेथे मोठ्या संख्येने जमली होती. त्याच मोकळिकीचा फायदा घेऊन बॉटही आले. बॉट म्हणजे माणसाचे सोंग घेणारी आज्ञावली. ती खोटी खाती उघडते, भराभर लोकांच्या मागे लागते आणि उत्तान चित्राखाली एक दुवा चिकटवते. त्या दुव्यावर टिचकी मारणाऱ्याला फसवणे किंवा गिऱ्हाईक करणे हा तिच्या मालकाचा धंदा. या बॉटांनी तेथले लोक त्रासून गेले होते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अ‍ॅपलने आपल्या दुकानातून टम्ब्लरचे अ‍ॅप काढून टाकले. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे तेथे सापडली होती. हा गंभीर गुन्हा आहे आणि त्याबाबत हयगय होता कामा नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच वर सांगितलेले निवेदन आले. बाललैंगिक शोषण आणि हा नवा नियम यांची गल्लत करू नये, असे कंपनीने त्यात म्हटले होते. तरीही उपाय म्हणून जे समोर आले ते एकच होते: सर्व चित्रांवर एक चाळणी.

आमच्या मते खरी चूक येथे आहे. प्रश्न एक नव्हता, तीन होते.

पहिला प्रश्न: हे चित्र आधीच ओळखले गेलेले बेकायदा चित्र आहे का? याचे उत्तर देणारे तंत्र २००९ पासून उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ येथील हनी फरीद यांनी ते विकसित केले. चित्रापासून गणिताने एक आकडेवजा खूण काढायची, बोटाच्या ठशासारखी, आणि गुन्ह्यांच्या तपासातून जमलेल्या खुणांच्या यादीशी ती ताडून पाहायची. चित्र लहानमोठे केले किंवा थोडे बदलले तरी खूण जुळते. येथे यंत्राला अश्लील काय हे ठरवावे लागत नाही, फक्त जुळते की नाही एवढेच पाहावे लागते. म्हणून चुका फार कमी होतात. उणीव एवढीच की यादीत नसलेले नवे चित्र निसटते. टम्ब्लरवर सापडलेली चित्रे अशीच यादीत नसलेली होती, असे कंपनीने सांगितले. यावर उपाय म्हणजे यादी वाढवणे आणि तक्रारींकडे माणसांनी तातडीने लक्ष देणे.

दुसरा प्रश्न: पाठवणारा माणूस आहे की बॉट? येथे चित्रात काय आहे हे पाहण्याची गरजच नाही. वागणूक पाहायची. खाते कालचे आहे का? ते तासाला किती जणांच्या मागे लागते? एकच दुवा शेकडो खात्यांतून येतो आहे का? बॉटच्या मालकाला हजारातला एखादाच गळाला लागतो, म्हणून त्याला हजारोंना गाठावे लागते. संख्येवरच त्याचा धंदा चालतो आणि संख्येमुळेच तो सापडू शकतो. या चाळणीतही चुका होतात. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी एकच दुवा एकाच तासात हजारो पालक पाठवतात, आणि ते काही बॉट नसतात. पण अशा चुका खात्याचा वेग काही काळ कमी करून निभावतात. त्यासाठी कोणाचे चित्र काढून टाकावे लागत नाही.

तिसरा प्रश्न: या चित्रात काय आहे, आणि ते येथे चालेल का? हा सर्वांत अवघड. टम्ब्लरने नेमका हाच प्रश्न यंत्राच्या हाती दिला.

तो किती अवघड आहे हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. १९९६ मध्ये मार्गारेट फ्लेक, डेव्हिड फोरसाइथ आणि ख्रिस ब्रेगलर यांनी चित्रात नग्न माणूस आहे का हे ओळखणारी एक पद्धत प्रसिद्ध केली. पहिल्या पायरीत रंग आणि पोत यांवरून त्वचेसारखे भाग शोधायचे. दुसऱ्या पायरीत ते भाग हातपाय आणि धड यांच्या भूमितीत बसतात का ते पाहायचे. १३८ नग्न चित्रे आणि १४०१ इतर चित्रे यांवर चाचणी झाली. नग्न चित्रांपैकी ५२ टक्के सापडली, आणि यंत्राने जी चित्रे नग्न म्हणून दाखवली त्यांपैकी ६० टक्के खरोखर तशी होती. आता हिशेब करून पाहा. १३८ चे ५२ टक्के म्हणजे सुमारे ७२. हे ७२ जर ६० टक्के असतील तर यंत्राने एकूण सुमारे १२० चित्रे पकडली, आणि त्यांतली ४८ निर्दोष होती. १४०१ मध्ये ४८ म्हणजे साडेतीन टक्क्यांहून कमी चूक. ऐकायला ती किरकोळ वाटते. पण पकडलेल्या प्रत्येक पाच चित्रांत दोन निर्दोष होती!

आजची यंत्रे लाखो उदाहरणांवरून शिकतात आणि पुष्कळ कमी चुकतात. पण शिकतात ती रंगांच्या ठिपक्यांतून. चित्रामागचा हेतू त्यांना दिसत नाही. लंडनच्या महानगर पोलिसांच्या एका अधिकाऱ्याने २०१७ मध्ये सांगितले होते की त्यांची आज्ञावली कधी कधी वाळवंटाच्या चित्राला नग्न चित्र समजते. वाळूच्या टेकड्यांचा रंग आणि गोलाई पाहिली की कारण लक्षात येते.

आता या मुद्द्याचा गाभा वर्गात करून पाहता येईल. ६० मुलांच्या वर्गात ६ जणांना लाल चिठ्ठ्या द्या, ५४ जणांना पांढऱ्या. लाल म्हणजे नियमबाह्य चित्र. प्रत्येकाने एकदा फासा टाकायचा. १ पडला तर यंत्र चुकले असे धरायचे: लाल असूनही सुटला, किंवा पांढरा असूनही पकडला. बाकी वेळी यंत्र बरोबर. म्हणजे यंत्र सहापैकी पाच वेळा अचूक. सरासरीने लाल ६ पैकी ५ पकडले जातील, आणि पांढऱ्या ५४ पैकी ९. एकूण १४ जण पकडले, त्यांत ९ निर्दोष! आता तोच खेळ ३० लाल आणि ३० पांढऱ्या चिठ्ठ्यांनी करा. पकडले जातील ३०, त्यांत निर्दोष फक्त ५. फासा बदलला नाही. बदलले ते लाल-पांढऱ्याचे प्रमाण. प्रत्यक्ष आकडे थोडे इकडेतिकडे येतील, म्हणून खेळ चार-पाच वेळा करून सरासरी काढावी.

हाच हिशेब मोठ्या संख्येने करू. समजा एक कल्पित यंत्र दोन्ही बाजूंनी ९९ टक्के अचूक आहे आणि त्याच्यापुढून १,००,००० चित्रे जातात. दहात एक चित्र नियमबाह्य असेल, तर ९,९०० बरोबर पकडली जातील आणि ९०० चुकून. म्हणजे पकडलेल्या बारांत एक निर्दोष. हजारात एक चित्र नियमबाह्य असेल, तर ९९ बरोबर पकडली जातील आणि ९९९ चुकून. आता पकडलेल्या अकरांत दहा निर्दोष! एखादे निर्दोष चित्र अडकण्याची शक्यता दोन्ही वेळी शंभरात एक एवढीच आहे. पण दुसऱ्या वेळी त्या चुकीच्या बदल्यात मिळालेला लाभ फारच थोडा आहे, आणि अपिले तपासणाऱ्या माणसांपुढचा ढीग जवळजवळ सगळा चुकांचाच आहे.

टम्ब्लरच्या निर्णयात एक अंतर्गत विरोध होता तो येथे दिसतो. बंदी जाहीर झाली की नियम पाळणारे लोक आपली प्रौढ चित्रे स्वतःच काढून घेतात किंवा निघून जातात. म्हणजे नियमबाह्य चित्रांचे प्रमाण घटते. यंत्र तेच राहिले तरी त्याच्या पकडीतले चुकांचे प्रमाण वाढते. उरतात कोण? ज्यांना नियमाची पर्वा नाही ते, म्हणजे बॉट. एक खाते बंद झाले तर बॉटचा मालक दुसरे उघडतो. त्याला खर्च जवळजवळ शून्य. तो पूर्ण कपड्यातले चित्र लावून खाली तोच दुवा देऊ शकतो, आणि चित्र पाहणाऱ्या चाळणीला त्यात काही वावगे दिसत नाही. उलट एखाद्या चित्रकाराचे पान गेले तर वर्षांचे काम आणि जमवलेली माणसे जातात. ज्यांच्यासाठी चाळणी लावली ते निसटले आणि शिक्षा इतरांना झाली. बंदीनंतरही बॉटांच्या तक्रारी थांबल्या नाहीत.

नियमात अपवाद होते. स्तनपान, बाळंतपण, आरोग्यविषयक चित्रे आणि नग्नता असलेली कलाकृती चालेल असे कंपनीने लिहिले होते. हे अपवाद समंजस होते, पण ते माणसाला कळणारे होते. शस्त्रक्रियेनंतरची छाती आणि उत्तान छायाचित्र यांत यंत्राला दिसणारा फरक थोडा असतो, अर्थाचा फरक मात्र प्रचंड. पेटंटची रेखाचित्रेही यंत्राने अडवली. काय चालेल हे दाखवण्यासाठी कंपनीने दिलेली उदाहरणेसुद्धा त्याच यंत्राने अडवल्याचे त्या वेळी उघड झाले.

पुढे काय झाले? सिमिलरवेब या संस्थेच्या मोजणीनुसार डिसेंबर २०१८ मध्ये टम्ब्लरला ५२.१ कोटी भेटी झाल्या होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या ३७ कोटींवर आल्या. याहूने २०१३ मध्ये १.१ अब्ज डॉलरना घेतलेली ही कंपनी ऑगस्ट २०१९ मध्ये ऑटोमॅटिकला विकली गेली, आणि किंमत ३० लाख डॉलरपेक्षा कमी असल्याच्या बातम्या आल्या. हे सगळे बंदीमुळेच झाले असे मात्र म्हणता येणार नाही. याहूने २०१६ मध्येच टम्ब्लरची किंमत आपल्या हिशेबात मोठ्या प्रमाणावर कमी केली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाशी टम्ब्लरने तडजोड केली. या यंत्रणेचा फटका समलिंगी व पारलिंगी लोकांना अधिक बसला, अशी ती तक्रार होती. अपिलाची पद्धत सुधारणे आणि तपासनिसांना प्रशिक्षण देणे कंपनीने मान्य केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नग्नतेला पुन्हा परवानगी मिळाली, पण सूचनेची पट्टी लावून. उघड लैंगिक क्रियेची चित्रे बाहेरच राहिली. चार वर्षांनी का होईना, एका चाळणीऐवजी पट्टी, निवड आणि माणसाची नजर यांचा विचार झाला.

माणसाची नजर म्हणताना तिची किंमतही सांगितली पाहिजे. यंत्राने अडवलेले चित्र शेवटी कोणीतरी पाहते. दिवसभर असली चित्रे पाहून मनावर परिणाम झालेल्या अमेरिकेतील तपासनिसांना भरपाई म्हणून ५.२ कोटी डॉलर देण्याचे फेसबुकने २०२० मध्ये मान्य केले होते. म्हणून चाळणीची प्रत्येक चूक दोघांना भोवते: ज्याचे चित्र अडकते त्याला आणि जो ते तपासतो त्याला.

हा प्रश्न दूरच्या अमेरिकेचाच नाही. आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांना बाललैंगिक शोषणाची चित्रे शोधण्यासाठी स्वयंचलित साधने वापरण्याचा प्रयत्न करण्यास सांगितले आहे. त्याच नियमात माणसांची देखरेख असावी आणि साधनांची अचूकता व पक्षपात तपासावा, असेही आहे. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, पण चर्चेत तो क्वचितच येतो.

शिक्षक म्हणून आपला याच्याशी संबंध आणखी जवळचा आहे. प्रजनन संस्थेची आकृती, स्तनपानाची माहिती, स्तनांच्या कर्करोगाची स्वतः करायची तपासणी, हे सारे आपण मुलांपुढे आणि पालकांपुढे ठेवतो. ते अश्लील नाही हे आपल्याला माहीत आहे, यंत्राला नाही. मुलांना घाण आणि फसवणूक यांपासून जपायचे तर चाळण्या लागणारच. तेव्हा कोणी नवी चाळणी आणली, तर ती ९९ टक्के अचूक आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ती नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, तिच्यातून जाणाऱ्या ढिगात मुळात खडे किती, आणि चुकून अडकलेल्याचे ऐकून घ्यायला कोण बसले आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. फाशांचा खेळ खेळलेली मुले ते आपल्या आधीच विचारतील.