विलापाला जागा देणारे वर्ष : २०२३ मधील आयरिश ध्वनिमुद्रिका

आयरिश संगीत म्हटले की टाचा आपटीत नाचणारे पथक, सतरा मार्चचा संत पॅट्रिकचा सण आणि मद्यगृहातील समूहगान एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. १९९४ साली डब्लिन येथे ‘रिव्हरडान्स’चा पहिला प्रयोग झाला आणि हे चित्र घरोघरच्या दूरचित्रवाणीवर पोहोचले. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. ज्या देशाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे गमावली आणि जवळपास तितकीच परदेशी धाडली, त्या देशाचे संगीत केवळ नाचाचे असणे शक्य नाही. त्या संगीताची दुसरी बाजू २०२३ ह्या एका वर्षात निघालेल्या ध्वनिमुद्रिकांनी जगापुढे ठेवली. ती बाजू विलापाची आहे. ह्या ध्वनिमुद्रिकांची ओळख करून देणे व त्यांचे मोल जोखणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी दोन गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या. आयर्लंडमध्ये गायनाची जी जुनी रीत आहे, तिला ‘शॉन-नोस’ म्हणजे ‘जुनी शैली’ असेच नाव आहे. तीत गायक साथीवाचून एकटा गातो. भावना दाखविण्यासाठी तो आवाज चढवीत नाही. शब्द आणि हरकती ह्यांच्यावरच सारी भिस्त. दुसरी गोष्ट म्हणजे अखंड सूर. आपल्याकडे तंबोरा जे करतो, ते तेथे ‘इलन पाइप्स’ ह्या कोपराने भाता दाबून वाजवावयाच्या वाद्याच्या तीन नळ्या करतात. सूर थांबत नाही. गाणे त्याच्या अंगावरून वाहत जाते. ज्याचा कान तंबोऱ्यावर वाढला आहे, त्याला हे संगीत परके वाटू नये.

ह्या अखंड सुरावरच लँकम ह्या डब्लिनच्या चौकडीने आपली इमारत उभारली आहे. इयन व डारा हे लिंच बंधू, रेडी पीट आणि कॉर्मक मॅक डिअरमडा अशी ही चार माणसे. मार्च २०२३ मध्ये त्यांची ‘फॉल्स लँकम’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि मार्च २०२४ मध्ये तिला वर्षातील सर्वोत्तम आयरिश आल्बमचा ‘चॉइस’ पुरस्कार मिळाला. पाइप्स, कॉन्सर्टिना, फिडल व हार्मोनियम ही त्यांची वाद्ये. आपल्या भजनी मंडळांत व चर्चमधील गायकवृंदात रुळलेली हार्मोनियम येथे स्वरसाथ न करता भात्याच्या श्वासासारखी एकाच सुरावर रेंगाळते.

ध्वनिमुद्रिकेचा आरंभ ‘गो डिग माय ग्रेव्ह’ ह्या गाण्याने होतो. प्रेमात फसवणूक झालेल्या आणि आत्मघात करणाऱ्या मुलीची ही जुनी कथा. रेडी पीट ती आधी जवळपास एकटीच गातात, कोरड्या, सपाट, न डगमगणाऱ्या आवाजात. मग वाद्ये येतात आणि सुमारे नऊ मिनिटांच्या ह्या गाण्याचा उत्तरार्ध शब्दांवाचून घणाचे घाव पडावेत तसा पुढे सरकतो. आयर्लंडमध्ये मृताजवळ बसून विलापगायन करणाऱ्या स्त्रिया असत. त्या प्रथेस ‘कीनिंग’ म्हणतात. आपल्या ह्या गाण्यामागे तीच प्रेरणा आहे, असे ह्या कलावंतांनी सांगितले आहे. ते पटते. येथे शोक सांगितलेला नाही, केलेला आहे.

तरीही ही ध्वनिमुद्रिका निर्दोष नव्हे. सुमारे सत्तर मिनिटांच्या तिच्या प्रवासात ‘फ्यूग’ नावाचे तीन जोडखंड येतात. गाणी एकमेकांत विरघळावीत हा त्यांचा हेतू स्पष्ट असला, तरी त्यांतील धूसर गडगडाट दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सवयीचा होतो आणि भीती ही सजावट बनू लागते. ‘मास्टर क्राउलीज’ ही मुळात नाचाची द्रुत चाल. ती जड करीत करीत गोंगाटापर्यंत नेण्यात कौशल्य आहे, पण नाचाचा प्रत्येक ठेका काळवंडलाच पाहिजे काय, असा प्रश्न श्रोत्याच्या मनात उभा राहतो. त्याचे उत्तर ध्वनिमुद्रिकेतच आहे. ‘न्यूकॅसल’ हे गाणे, ज्याची चाल १६५१ मधील ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ ह्या संग्रहात सापडते, ते इतके निर्मळ गायिले आहे की आजूबाजूचा काळोख त्यामुळेच अर्थपूर्ण होतो. अशी आणखी एक-दोन गाणी असती, तर तोल अधिक साधला असता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेडी पीट ह्यांचा सहभाग असलेल्या ऑक्सन ह्या दुसऱ्या गटाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिची प्रकाशन संस्था ‘क्लॅडा रेकॉर्ड्स’ ही १९५९ साली स्थापन झालेली असून पारंपरिक संगीत जपण्यात तिचा मोठा वाटा आहे. ह्या ध्वनिमुद्रिकेत गाणी अवघी सहा. पहिले गाणे ‘क्रूअल मदर’, म्हणजे निर्दय माता. अविवाहित स्त्री गुपचूप प्रसूत होते, बाळांना मारून पुरते आणि पुढे तिला तीच मुले भेटून जाब विचारतात. शतकानुशतके ब्रिटन व आयर्लंडमध्ये गायिले गेलेले हे गीत आईलाच दोषी धरते. परंतु आजच्या आयर्लंडमध्ये ते ऐकणारा माणूस दुसरेही काही ऐकतो. गॉलवे परगण्यातील तूअम येथे धर्मभगिनींनी चालविलेल्या माता-बालक आश्रमात ७९६ मुले मरण पावल्याच्या नोंदी २०१४ साली उजेडात आल्या. २०१७ मध्ये तेथील जमिनीखाली बालकांचे अवशेष असल्याचे चौकशी आयोगाने जाहीर केले. ही माहिती असलेल्या श्रोत्याला प्रश्न पडतो : त्या मुलांचा बाप कोठे आहे? शेजारी कोठे आहेत? धर्मगुरू कोठे आहे? गटाने गीताचा एक शब्दही त्यासाठी वाकविलेला नाही. गाणे संथ केले, आवाज थंड ठेवला आणि प्रश्नाला जागा करून दिली. ह्या वर्षातील उत्तम कलाकृतींची हीच रीत आहे.

ह्याच संग्रहात माया सोफिया ह्या आजच्या गीतकार स्त्रीचे ‘द वाइफ ऑफ मायकल क्लिअरी’ हे गीत आहे. १८९५ साली टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ह्या तरुण स्त्रीला तिच्या नवऱ्याने जाळून मारले. ही आपली बायको नव्हे, परीलोकातून आलेली तोतया आहे, असे तो म्हणत होता. गीताच्या शीर्षकात त्या स्त्रीचे नाव नाही, नवऱ्याचे आहे. त्यातच तिची सारी कहाणी आली. हुंड्यापायी जळालेल्या सुनांच्या बातम्या वाचलेल्या आपल्या समाजाला ह्या गीताचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

फेब्रुवारीत आलेली लिसा ओनील ह्यांची ‘ऑल ऑफ धिस इज चान्स’ ही माझ्या मते ह्या वर्षातील सर्वांत माणूसपणाची ध्वनिमुद्रिका होय. कॅव्हन परगण्यातील बॅलिहेजच्या ह्या गायिकेचा आवाज रूढ अर्थाने गोड नाही. तो खरखरीत आहे, उच्चार गावाकडचे आहेत आणि त्यांत तिने बदल केलेला नाही. शीर्षकगीताला पॅट्रिक कॅव्हना ह्यांच्या ‘द ग्रेट हंगर’ (१९४२) ह्या दीर्घ काव्याची पार्श्वभूमी आहे. शेती, आई आणि पापाची भीती ह्यांच्या ओझ्याखाली अविवाहित राहिलेल्या एका शेतकऱ्याची ती शोकांतिका. लिसा ओनील त्या मातीतूनच पाखरे, बी-बियाणे व आकाश ह्यांच्याकडे वळतात. तंतुवाद्यांची साथ एक-दोन ठिकाणी आवाजापेक्षा भारी झाली आहे. एवढा उणेपणा सोडला तर आठ गाण्यांचा हा संग्रह काळोखातही प्रार्थनेच्या अंगाने जातो. शेवटी जगाला निजविणारी अंगाई येते, तेव्हा ती खोटा दिलासा वाटत नाही.

जॉन फ्रान्सिस फ्लिन ह्यांची नोव्हेंबरमधील ‘लुक ओव्हर द वॉल, सी द स्काय’ ही वेगळ्या कारणासाठी ऐकावी. आपल्या देशाचे जे बाजारू रूप पर्यटकांना विकले जाते, त्याच्याशी हा गायक झगडतो. ‘डर्टी ओल्ड टाउन’ हे गीत जगभर डब्लिनचे म्हणून गायिले जाते. वस्तुतः इवन मॅकॉल ह्यांनी १९४९ साली ते इंग्लंडमधील सॅलफर्ड शहरावर लिहिले. फ्लिन ते संथ करून शेवटी ठेवतात. घासून गुळगुळीत झालेले नाणे पुन्हा वाचता यावे, तसे त्याचे शब्द दिसू लागतात. मात्र सर्वच गाणी एकाच मंद लयीत नेण्याचा मोह त्यांनाही आवरलेला नाही.

लोकप्रिय संगीताच्या दालनात होजिअर ह्यांची ‘अनरिअल अनअर्थ’ ऑगस्टमध्ये आली. तिची रचना दांतेच्या ‘इन्फर्नो’तील नरकमंडलांवर बेतलेली आहे. आयरिश भाषेतील ओळी, नष्ट केल्या गेलेल्या भाषांविषयीचे ‘बुचर्ड टंग’ हे हळवे गीत आणि अखेरीस पहाटेच्या प्रकाशाकडे येणे हे सारे विचारपूर्वक योजले आहे. पण दांते प्रत्येक पाप्यापाशी थांबून त्याचे ऐकून घेतो. येथे संगीताचा भरजरीपणा पुष्कळदा थांबू देत नाही. कल्पना दांतेची आहे. धीर मात्र दांतेचा नाही.

ह्या साऱ्यांना उतारा म्हणून मार्टिन हेज व त्यांच्या ‘कॉमन ग्राउंड’ वृंदाची ‘पेगीज ड्रीम’ ऐकावी. क्लेअर परगण्यातील हे फिडलवादक. त्यांचे वडील पी. जे. हेज तुला केली बँडचे प्रमुख वादक होते. नाचाच्या चाली सावकाश, खालच्या आवाजात वाजविल्या तर त्यांच्यात दडलेली व्याकुळता वर येते, हे मार्टिन हेज आयुष्यभर दाखवीत आले आहेत. येथे आनंद आणि शोक एकाच चालीत नांदतात. लँकमला जे दोन टोकांनी साधावे लागते, ते हेज ह्यांच्या एका गजात आहे.

ह्या संगीताचा इतिहास आपल्या चर्चच्या इतिहासापासून अलग करता येत नाही. सतराव्या शतकापासून आयर्लंडमधील धर्मसभांनी कीनिंगवर बंदी घालण्याचे ठराव केले. १९२५ साली तेथील बिशपांनी नृत्यगृहांविरुद्ध काढलेले पत्रक चर्चमधून वाचले जाई. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्यानंतर घरोघरची व चव्हाट्यावरची नृत्ये मोडून काढण्यात कित्येक धर्मगुरू पोलिसांच्या बरोबरीने पुढे होते. ह्याच परंपरेत रिचर्ड हेनेब्री ह्यांच्यासारखे धर्मगुरूही होऊन गेले. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मेणाच्या नळकांड्यांवर खेड्यांतील गायक-वादकांचे सूर टिपून ठेवले. परंतु एकाने जपले म्हणून अनेकांनी मोडलेले भरून येत नाही. कळपाला शिस्त लावण्याच्या भरात आपण त्याचे रडणे आणि हसणे दोन्ही हिरावून घेतले, हे मेंढपाळांनी मान्य केले पाहिजे.

ह्याच वर्षी २६ जुलैला शिनेड ओकॉनर वारल्या. १९९२ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर त्यांनी पोपमहोदयांचे छायाचित्र फाडले, तेव्हा श्रद्धावंतांची मने दुखावली. तो बालकांवरील अत्याचारांचा निषेध होता, हे त्या वेळी फार थोड्यांनी ऐकून घेतले. २००९ मध्ये आयर्लंडच्या सरकारी आयोगाने धर्मसंघांच्या संस्थांतील अत्याचारांचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा त्या ओरडण्यामागचे सत्य सर्वांपुढे आले. ३० नोव्हेंबरला ‘पोग्ज’चे गायक शेन मॅकगोवन गेले. ८ डिसेंबरला, म्हणजे निष्कलंक मातेच्या सणाच्या व योगायोगाने शिनेड ह्यांच्याही जन्मदिवशी, नीना गावच्या चर्चमध्ये त्यांची अंत्यविधीची मिस्सा झाली. तेथे ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’ गायिले गेले, लिसा ओनील गाणाऱ्यांत होत्या आणि आप्तजन वेदीसमोर नाचले. काहींना ते रुचले नाही. माझ्या मते, ज्या चर्चने एके काळी चव्हाट्यावरचा नाच मोडला, त्याच चर्चने त्या दिवशी आपल्या छपराखाली त्याला आसरा दिला.

स्तोत्रसंहितेतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर काळोखाच्या शब्दावरच संपते. त्याला आशेचे शेपूट जोडलेले नाही. आपल्या उपासनेत मात्र आपण ही स्तोत्रे वगळतो किंवा त्यांतील सोयीच्या ओळी तेवढ्या म्हणतो. घरात मृत्यू झाला की तिसऱ्या दिवशी आपण कुटुंबाला ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प करतो. आयर्लंडच्या ह्या कलावंतांपैकी बहुतेक जण चर्चपासून दूर गेलेले असतील. परंतु शोकाला घाई करू नये, हा बायबलचा धडा त्यांनी आपल्यापेक्षा नीट गिरविला आहे. त्यांच्यापुढील धोका असा की विलाप हीच शैली ठरली, तर तो बाजारात विकला जाईल. हिरव्या टोप्यांच्या जागी काळे कपडे आले, एवढाच बदल उरेल. लिसा ओनील व मार्टिन हेज हे दोघे त्या धोक्यापासून दूर आहेत, म्हणून ह्या वर्षीच्या यादीत मी त्यांना अग्रस्थान देतो. ‘फॉल्स लँकम’ला धाडसाचा मान.

ज्यांना प्रथमच हे संगीत ऐकावयाचे आहे, त्यांनी ‘पेगीज ड्रीम’पासून आरंभ करावा, मग लिसा ओनील आणि शेवटी लँकम. मुलांना बरोबर घेऊन ऐकताना ‘क्रूअल मदर’ व ‘गो डिग माय ग्रेव्ह’ ही गाणी थोरांनी आधी स्वतः ऐकावीत. ज्या घरी अलीकडे दुःख झाले आहे, त्यांनी ‘न्यूकॅसल’ ऐकावे आणि त्यानंतर काही वेळ कोणी काही बोलू नये.